कुलूपबंद शाळांचं वर्ष: लिटल रॉकच्या स्कूल बोर्डाची निवडणूक, १९५८-५९

सोमवार, २५ मे १९५९. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक. त्या दिवशी मतदारांच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर सहा नावं होती. सहाही जण शहराच्या स्कूल बोर्डाचे, म्हणजे शाळा मंडळाचे, विद्यमान सदस्य. प्रत्येकाबद्दल एकच सवाल होता: याला ठेवायचं की घरी पाठवायचं? तिघांना घालवा म्हणून एका गटाने अर्ज केला होता, उरलेल्या तिघांना घालवा म्हणून दुसऱ्या गटाने. आणि शहरातली चारही सरकारी हायस्कुलं त्या वर्षी उघडलीच नव्हती.

लिटल रॉक म्हटलं की आपल्याला १९५७ आठवतं. सेंट्रल हायस्कूलच्या दारात अडवलेली नऊ कृष्णवर्णीय मुलं, त्यांच्यावर ओरडणारा जमाव, मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी धाडलेलं लष्कर. ती छायाचित्रं जगभर गेली. त्यानंतरच्या वर्षाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्या वर्षात बंदुका नव्हत्या, मोठी भाषणंही नव्हती. मतदार याद्या होत्या, टेलिफोन होते आणि दारोदार फिरणाऱ्या बायका होत्या. सरकारी शाळा सगळ्यांसाठी उघडी राहावी म्हणून सामान्य माणसाला नेमकं काय करता येतं, हा प्रश्न मला पडतो तेव्हा मी या वर्षाकडे जाते. त्यातलं काही मनाला उभारी देतं, काही बोचतं. दोन्ही इथे मांडते आहे.

बोर्ड कशाला म्हणतात

आपल्याकडे शाळेचा पैसा, शिक्षकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम हे राज्य सरकार आणि जिल्हा परिषद किंवा महापालिका पाहते. पालकांच्या वाट्याला येते ती शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करायचा, मिळालेल्या निधीच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. अमेरिकेतलं स्कूल बोर्ड याहून कितीतरी ताकदवान असतं. बहुतेक ठिकाणी ते लोकांनी थेट निवडलेलं असतं. शाळांचा प्रमुख अधिकारी तेच नेमतं, अंदाजपत्रक तेच मंजूर करतं, शिक्षकांचे करार तेच चालू ठेवतं किंवा संपवतं, कुठल्या भागातली मुलं कुठल्या शाळेत जातील हेही पुष्कळदा तेच ठरवतं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्याच्या नावातच टोपेका शहराचं शिक्षण मंडळ आहे. कारण कुठल्या मुलाला कुठल्या दारातून आत घ्यायचं, हे त्या मंडळाच्या हातात होतं.

एवढी सत्ता असूनही या निवडणुकीला माणसं फारशी फिरकत नाहीत. लिटल रॉकमध्ये तेव्हा त्यात आणखी एक अडसर होता. वर्षाचा एक डॉलर कर भरून ज्याने पावती घेतली असेल, त्यालाच मत. तो डॉलर गरिबाला, विशेषतः कृष्णवर्णीय गरिबाला, मतदानापासून दूर ठेवण्यासाठीच दक्षिणेत टिकवून ठेवलेला होता.

कुलूप कसं लागलं

१९५७-५८ चं वर्ष त्या नऊ मुलांनी कसंबसं काढलं. त्यांपैकी अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये सेंट्रलमधून हायस्कूलचं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला. त्याआधीच, फेब्रुवारी १९५८ मध्ये, बोर्डाने न्यायालयाकडे मुदत मागितली होती: वातावरण तापलेलं आहे, एकत्र शिक्षण थोडं लांबणीवर टाकू द्या. १२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्याच दिवशी विधिमंडळाने आधीच करून ठेवलेल्या कायद्यांवर सह्या केल्या आणि सेंट्रल, हॉल, टेक्निकल आणि कृष्णवर्णीय मुलांचं होरेस मॅन ही चारही हायस्कुलं बंद केली.

मग २७ सप्टेंबरला लोकांचं मत घेतलं गेलं. त्या मतपत्रिकेवर शाळा उघडाव्यात का, हा साधा प्रश्न नव्हताच. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांमध्ये वंशांचं एकत्रीकरण हवं की नको, एवढंच विचारलं होतं. चार हायस्कुलांपुरता असलेला प्रश्न सगळ्या शाळांवर पसरवला की घाबरलेला पालक कुठे शिक्का मारणार, हे सांगायला नको. एकत्रीकरणाच्या विरोधात १९,४७० मतं पडली, बाजूने ७,५६१. प्रश्न कुणी लिहिला यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे मला या आकड्यांत दिसतं.

३,६६५ मुलांची शाळा सुटली. पण कुलूप सगळ्यांना सारखं लागलं नव्हतं. गोऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठे ना कुठे सोय लावून घेतली. कुणी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे गेलं, कुणी चर्चने चालवलेल्या वर्गात बसलं. गोऱ्यांसाठी रेनी हायस्कूल नावाची एक खाजगी शाळाच घाईघाईने उभी राहिली, फी न घेता. कृष्णवर्णीय मुलांसाठी तशी एकही शाळा निघाली नाही. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या मुलांना त्या वर्षी कसलंच शिक्षण मिळालं नाही. काही कामाला लागली, काही सैन्यात गेली, काहींची लग्नं झाली. पुष्कळ जण परत वर्गात आलेच नाहीत. लढाई ज्यांच्यावरून पेटली, तिची सगळ्यात मोठी किंमत त्यांच्याच घरांनी मोजली.

पैशाचीही गोष्ट सांगायलाच हवी. मूल सरकारी शाळा सोडून दुसरीकडे गेलं की त्याच्या वाट्याचा सरकारी पैसा त्याच्यामागे जाईल, अशी तरतूद त्या कायद्यांत होती. म्हणजे सरकारी शाळा बंद ठेवायची आणि तिचाच पैसा खाजगी शाळेकडे वळवायचा. न्यायालयांनी पुढे ही वाट अडवली तेव्हा रेनी हायस्कूल एका वर्षातच, ऑगस्ट १९५९ मध्ये, पैशाअभावी बंद पडलं. सरकारी शाळेचा निधी मुलाबरोबर बाहेर जाऊ द्यावा ही मागणी आजही अमेरिकेत होते. ती करणाऱ्या सगळ्यांचा हेतू तोच असतो असं मी म्हणणार नाही. पण लिटल रॉकमध्ये तिचा वापर कशासाठी झाला, हे विसरून तिच्यावर बोलू नये.

आणि शिक्षक? त्यांचे करार चालू होते, म्हणून ते रोज शाळेत येत होते. फळा पुसलेला, बाकं रिकामी, टेबलाशी शिक्षक बसलेला, आणि घंटा वाजली तरी दारातून कुणी आत येत नाही. काहींनी दूरचित्रवाणीवरून धडे दिले, काहींना खालच्या वर्गांवर बदली शिक्षक म्हणून पाठवलं गेलं. मैदानावर फुटबॉलचे सामने मात्र ठरल्याप्रमाणे झाले. शाळा बंद, पण शाळेचा संघ खेळतोय! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

दिवाणखान्यातली समिती

शाळा बंद झाल्या त्याच आठवड्यात तीन गोऱ्या बायका एकत्र बसल्या. अ‍ॅडॉल्फिन फ्लेचर टेरी, व्हिव्हियन ब्रूअर आणि व्हेल्मा पॉवेल. टेरीबाई तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. १९०२ साली व्हासार कॉलेजातून पदवी घेऊन आलेल्या, नवरा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, माजी सदस्य, वडील यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूच्या दक्षिणेकडून लढलेले. गावातलं जुनं, मातब्बर घराणं. गावचे पुरुष, व्यापारी, वकील, सगळे गप्प बसले आहेत, आता बायकांनाच उठावं लागेल, हे त्यांनी ओळखलं. १६ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांच्या घरी पन्नासहून अधिक बायका जमल्या आणि ‘आमच्या शाळा उघडण्यासाठी महिलांची तातडीची समिती’ उभी राहिली. पुढे तिची सदस्यसंख्या हजाराच्या बरीच वर गेली.

या समितीने दोन गोष्टी पहिल्यापासून ठरवून टाकल्या. पहिली अशी की जाहीर बोलताना एकत्र शाळांची बाजूही घ्यायची नाही आणि वेगळ्या शाळांचीही नाही. आम्हाला शिक्षण हवं, शाळा उघडा, एवढंच म्हणायचं. दुसरी अशी की सदस्य फक्त गोऱ्या बायका असतील. कृष्णवर्णीय बायकांना आत घेतलं तर शहरातली गोरी मतं एका रात्रीत पळतील, हा त्यामागचा हिशोब. हा हिशोब चुकीचा होता असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तो टोचतो, हे मात्र म्हणते. शहरात डेझी बेट्स होत्या. त्या नऊ मुलांच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून उभ्या राहिलेल्या, नवऱ्याबरोबर स्वतःचं वर्तमानपत्र चालवणाऱ्या. जाहिराती बंद पाडून त्यांचं ते वर्तमानपत्र १९५९ मध्ये मारलं गेलं. शाळा सगळ्यांच्या व्हाव्यात म्हणून सगळ्यात जास्त सोसलेली बाई शहरात असताना, शाळा उघडण्याच्या समितीत तिच्यासाठी खुर्ची नव्हती.

गोऱ्या बायकांनाही सोसावं लागलं नाही असं नाही. रात्री-अपरात्री शिव्यांचे फोन यायचे. नवऱ्यांच्या धंद्यावर गदा यायची. संघटनांकडून सदस्यांची यादी मागण्याचा अधिकार देणारा नियम शहराने १९५७ मध्येच केला होता, आणि एकदा यादी बाहेर गेली की प्रत्येक नावामागचं घर निशाण्यावर येणार. म्हणून नावं गुप्त ठेवली गेली, आणि ती दशकानुदशकं गुप्त राहिली.

२७ सप्टेंबरच्या मतदानात समिती हरली. स्थापनेनंतर अवघ्या अकरा दिवसांनी. अशा पराभवानंतर बहुतेक समित्या विरून जातात. या बायका दुसऱ्या दिवसापासून मतदार यादी घेऊन बसल्या. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे, आणि त्याचं छायाचित्र कुणी काढलेलं नाही.

डिसेंबर: तीन विरुद्ध तीन

नोव्हेंबर १९५८ मध्ये बोर्डाचे सदस्य डेल अल्फर्ड यांनी काँग्रेसची निवडणूक जिंकली. ऐनवेळी उभे राहून, मतपत्रिकेवर आपलं नाव चिकटवायला लावून, त्यांनी मवाळ भूमिकेच्या ब्रूक्स हेज यांना पाडलं. वेगळ्या शाळांचा कैवार घेतला की स्कूल बोर्डाच्या खुर्चीवरून थेट वॉशिंग्टनला जाता येतं, हे सगळ्या राज्याने पाहिलं. त्यानंतर आठवड्याभरात, १२ नोव्हेंबरला, बोर्डाच्या बाकी पाचही सदस्यांनी राजीनामे दिले. एकीकडून न्यायालयाचा आदेश, दुसरीकडून राज्यपाल. दोघांच्या मध्ये ते थकले होते.

६ डिसेंबरला नव्या बोर्डाची निवडणूक ठरली. आता उभं कोण राहणार? मानधनाच्या नावाने शून्य, शिव्यांना तोटा नाही, आणि धंद्यावर बहिष्काराची टांगती तलवार. महिला समितीने आणि काही व्यापाऱ्यांनी माणसं गाठून, समजावून, उमेदवार उभे केले. निकाल लागला तो अर्धामुर्धा. एव्हरेट टकर, रसेल मॅट्सन आणि टेड लॅम्ब हे तिघे मवाळ, तर एड मॅकिन्ली, रॉबर्ट लॅस्टर आणि बेन रोलंड हे तिघे कट्टर वेगळ्या शाळावाले. सहा जणांचं बोर्ड बरोबर मधोमध दुभंगलं आणि पाच महिने काहीच हललं नाही.

इथे ‘मवाळ’ या शब्दाबद्दल गैरसमज नको. या तिघांना वंशांची समानता हवी होती असं नाही. कायद्याने अगदीच भाग पाडलं तर थोडी कृष्णवर्णीय मुलं आत घेऊ, पण सरकारी शाळा बंद पडू देणार नाही, एवढीच त्यांची तयारी. त्या शहरात त्या वर्षी तेवढ्यालाही धैर्य लागत होतं, ही वेगळी गोष्ट.

५ मे: कोरम मोडला, नावं वाचली

५ मे १९५९ ला शिक्षकांचे करार पुढे चालू ठेवण्याचा विषय बैठकीत आला. सकाळभर प्रत्येक मतदान तीनास तीन. दुपारी मवाळ तिघे उठून बाहेर पडले. आता कोरम नाही, म्हणजे कामकाज होणार नाही, असा त्यांचा समज. उरलेल्या तिघांनी स्वतःलाच बोर्ड मानून काम पुढे चालवलं आणि ४४ जणांना नोकरीवरून काढून टाकलं. शिक्षक, मुख्याध्यापक, कचेरीतल्या लेखनिक. सेंट्रल हायस्कूलच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबी यांचं नाव त्यात होतं. आदल्या वर्षी त्या नऊ मुलांपैकी मुलींची रोजची काळजी त्यांच्याकडे होती. महिला समितीच्या व्हेल्मा पॉवेल यांचे पतीही त्याच शाळेत उपमुख्याध्यापक, तेही यादीत. ज्यांच्यावर एकत्र शाळांना सहानुभूती असल्याचा नुसता संशय होता, तेही गेले.

आणि इथेच त्या तिघांचा अंदाज चुकला. ‘एकत्रीकरण’ हा शब्द लोकांना घाबरवू शकत होता. पण आपल्या मुलीला वाचायला शिकवणाऱ्या बाईंना, ज्यांच्या वर्गात आपण स्वतः बसलो त्या मास्तरांना, कारण न देता काढलं हे ऐकल्यावर लोकांना भीती नाही वाटली, राग आला. लगोलग फॉरेस्ट पार्क प्राथमिक शाळेतले पालक जमले. तिथल्या मुख्याध्यापिकांचंही नाव यादीत होतं. एकेका शाळेची पालक-शिक्षक संघटना उठत गेली. ८ मे रोजी शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी एक गट काढला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘स्टॉप’ असा शब्द होतो, आणि नावाचा अर्थ ‘हा संतापजनक सफाया थांबवा’. समोरून ‘क्रॉस’ उभा राहिला, वेगळ्या शाळा टिकवण्यासाठी. एकाने कट्टर तिघांना पदावरून घालवण्याचे अर्ज भरवले, दुसऱ्याने मवाळ तिघांना. मतदानाला उरले वीसपेक्षाही कमी दिवस.

संत, पापी आणि तरून जाण्याजोगे

व्यासपीठावर पुरुष दिसत होते, पण यंत्रणा होती महिला समितीची. आयरीन सॅम्युएल यांच्या देखरेखीखाली बायकांनी वॉर्डावॉर्डातल्या मतदारांची कार्डं करून ठेवली होती. एका मतदाराचं एक कार्ड. नाव, पत्ता, आणि एक खूण. आपल्या बाजूचा असेल तर ‘संत’, विरोधातला असेल तर ‘पापी’, आणि अजून वळवता येईल असा असेल तर ‘तरून जाण्याजोगा’. पाप्यांच्या दारी जायचंच नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही. संतांना मतदानाच्या दिवशी घराबाहेर काढायचं, गाडी लागली तर गाडी द्यायची, मूल सांभाळायला कुणी नसेल तर माणूस द्यायचा. जोर लावायचा तो तिसऱ्या गठ्ठ्यावर.

ही कार्डं मला फार जवळची वाटतात. दोन वर्षं मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत होते. समितीची निवड पालक सभेत झाली तेव्हा सभेला आलो होतो आम्ही अकरा जण. कुणाच्या घरी जाऊन कुणी बोलावलंच नव्हतं. नोटीस फळ्यावर लावली, काम झालं. ज्या वस्तीतली मुलं सगळ्यात जास्त गैरहजर असायची, त्या वस्तीतून सभेला एकही आई आली नव्हती, आणि तिच्या दारी जायचं असतं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बैठकीत इतिवृत्ताची वही फिरायची, आम्ही सह्या करायचो. लिटल रॉकच्या त्या बायकांनी प्रत्येक नावासाठी एक कार्ड केलं होतं, हे वाचलं तेव्हा मला ती फळ्यावरची नोटीस आठवली आणि वाईट वाटलं.

प्रचारात ‘स्टॉप’ने एकत्रीकरणाचं नावही काढलं नाही. आमचे शिक्षक परत घ्या, एवढंच. ‘क्रॉस’ उलट ओरडून सांगत होता की हे सगळे छुपे एकत्रीकरणवाले आहेत. राज्यपाल फॉबस ‘क्रॉस’च्या बाजूने उतरले. शाळांच्या भांडणापायी शहरात नवे कारखाने यायचे थांबले आहेत, हे व्यापाऱ्यांना आता दिसू लागलं होतं. दोन वर्षं गप्प बसलेली ही माणसं धंदा बसायला लागल्यावर बोलू लागली. उशिरा का होईना, बोलली. पण उशीर केवढा झाला होता, तेही लक्षात ठेवायला हवं.

२५ मेला सुमारे २५,००० लोकांनी मत दिलं. कट्टर तिघे गेले, मवाळ तिघे राहिले. फरक अगदी थोडा होता. शहराच्या पश्चिमेकडच्या सुखवस्तू गोऱ्या वस्त्यांनी ‘स्टॉप’ला साथ दिली, श्रमिक गोऱ्यांच्या वस्त्या बहुतांशी ‘क्रॉस’कडे गेल्या. आणि पारडं फिरवलं ते कृष्णवर्णीय वस्त्यांनी. त्यांची मतं जवळजवळ एकगठ्ठा पडली, त्या डॉलरच्या पावतीचा अडसर असूनही. समितीत घेतलं नाही, प्रचारात नाव घेतलं नाही, तरी त्यांच्या मताविना हा निकाल लागलाच नसता. व्यासपीठावरून त्यांचे आभार जाहीरपणे मानणंही त्या वर्षी धोक्याचं समजलं जात होतं.

उघडलेलं दार किती रुंद

रिकाम्या तीन जागा पुलास्की काउंटीच्या शिक्षण मंडळाने नेमणुकीने भरल्या. काढलेल्या शिक्षकांपैकी बहुतेकांना परत घेतलं गेलं. १८ जूनला संघराज्याच्या न्यायालयाने शाळा बंद करण्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला. फॉबस यांनी नवी चाल खेळण्याआधीच नव्या बोर्डाने १२ ऑगस्टला, नेहमीपेक्षा लवकर, हायस्कुलं उघडली. त्या दिवशी मोर्चा सेंट्रलकडे निघाला तेव्हा पोलीस प्रमुख जीन स्मिथ यांनी तो वाटेत अडवला. अग्निशमन दलाचे पाण्याचे पाइप वापरले गेले, धरपकड झाली. १९५७ मध्ये ज्या कामाला लष्कर लागलं होतं ते या वेळी शहराच्या स्वतःच्या पोलिसांनी केलं. वारं बदललं की शहराचं प्रशासन किती वेगळं वागू शकतं, हे त्या एका सकाळी दिसलं. सप्टेंबरमध्ये बोर्डाच्या कचेरीत सुरुंगाचा स्फोट झाला, तरी शाळा चालू राहिल्या.

पण दारातून आत गेली किती मुलं? बोर्डाने प्रवेशाचे असे नियम लावले की दोन गोऱ्या हायस्कुलांत मिळून जेमतेम अर्धा डझन कृष्णवर्णीय मुलांना जागा मिळाली. त्या नऊ जणांपैकी जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स सेंट्रलमध्ये परतले. फेब्रुवारी १९६० मध्ये कार्लोटाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तरी त्या वर्षी दोघेही हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडले. शहरातल्या सगळ्या इयत्तांमध्ये मुलं एकत्र बसायला १९७२ उजाडावं लागलं.

जी बाजू एकत्रीकरणाचं नाव न घेता जिंकली, तिने पुढे एकत्रीकरण रेटलं नाही, यात नवल वाटायला नको. मतदारांनी त्यांना ते सांगितलंच नव्हतं. शिक्षकांसाठी मागितलेल्या मतांनी शिक्षक परत आले. कृष्णवर्णीय मुलांसाठी मत कुणी मागितलंच नव्हतं. तरी मी असं म्हणणार नाही की त्या बायकांनी सगळं खरं खरं बोलून हरायला हवं होतं. कुलूप आणखी वर्षभर राहिलं असतं तर सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं असतं, ते वर सांगितलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की २५ मेच्या रात्री काम संपलं असं मानणाऱ्यांनी चूक केली. कार्डांचा तोच गठ्ठा, त्याच चिकाटीने, प्रवेशाच्या नियमांविरुद्ध तेव्हाच वापरायला हवा होता, आणि समितीचं दार उघडायला हवं होतं. समिती १९६३ पर्यंत चालली, तिने पुढेही बरंच काम केलं, पण सदस्यत्व गोऱ्या बायकांपुरतंच राहिलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं आज सरकारी शाळांत शिकतात. त्यांचे आईबाप नागरिक झाले की राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला हौसेने मत देतात, आणि त्याच मतपत्रिकेवर खाली असलेली स्कूल बोर्डाची नावं पुष्कळदा कोरी सोडतात. माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीने यंदा तिच्या गावच्या बोर्डासाठी उभं राहायचं ठरवलं आहे. अपंग मुलांच्या वर्गांचा पैसा कापू नये, एवढ्या एका मुद्द्यावर. तिने विचारलं, सुरुवात कुठून करू? मी तिला हीच कार्डांची गोष्ट सांगितली. आणि हेही सांगितलं की पहिल्या बैठकीला ज्यांची मुलं त्या वर्गांत आहेत त्या आया असल्या पाहिजेत, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या बायका नंतर.

टेरीबाईंचं घर लिटल रॉकमध्ये आजही उभं आहे. १९९८ साली, चाळीस वर्षांनी, समितीच्या सदस्यांची नावं पहिल्यांदा उघड झाली. ज्या घरात त्या लपून जमायच्या, त्याच घराच्या खिडक्यांच्या काचांवर ती कोरली आहेत. काच नावांनी भरून गेली आहे, ओळीखाली ओळ. त्यात डेझी बेट्स हे नाव नाही.